घरातली एकुलती एक गाडी, आणि तीही फोर बाय फोर

लॅडरफ्रेम

खडतर वाटांसाठी बनवलेली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देऊ शकणारी गाडी, ऑफिस, शाळा, बाजार, दवाखाना या सगळ्याला एकटी पुरेल का, हे मला वरचेवर विचारलं जातं. माझ्याकडे दुसरी गाडी नाही आणि बरीच वर्षं मी अशीच गाडी चालवतो आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. फोरमवरच्या बाकीच्यांनी भर घालावी, पटणार नाही ते खोडावं.

उत्तर आधी देतो. पुरते, पण दोन अटींवर. कारखान्यातून जशी आली तशी ती जवळपास ठेवायची, आणि तिच्या यंत्रणा समजून घेऊन चालवायची. अशा गाड्या हौसेने घेऊन वैतागून विकणारे मी बरेच पाहिले. त्यांतल्या बहुतेकांनी नव्या नवलाईतच मोठे टायर, लिफ्ट किट (गाडी आणखी उंच करणारं सामान), छतावर कॅरिअर आणि पुढे लोखंडी बंपर चढवला होता. वैताग आला तो मूळ गाडीचा नव्हता, त्या चढवलेल्या सामानाचा होता.

उंच दिसणारी प्रत्येक एसयूव्ही मी यात धरत नाही. वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, निदान मागचा (आणि अनेकदा पुढचाही) ॲक्सल सलग दांड्याचा, आणि लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) असलेली ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी, अशी ही जात. जिम्नी, रँग्लर, लँड क्रूझर ७० ही ठळक उदाहरणं. लाडा निवाचा मान वेगळा. १९७७ साली आलेल्या त्या गाडीला वेगळी चासी नाही, पण कायमची फोर व्हील ड्राइव्ह आणि लो रेंज आहे, आणि चिवटपणात ती कुणाला हार जात नाही.

या गाड्या कशासाठी जन्मल्या हे लक्षात ठेवलं की त्यांचं रस्त्यावरचं वागणं कळतं. विलीज जीप १९४१ पासून सैन्यासाठी बनू लागली. लँड रोव्हर १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली ती शेतकऱ्यांसाठी. मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर जुनी लष्करी जीप वापरत, त्यातून ती कल्पना निघाली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती म्हणून बॉडीला ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे पत्रे वापरले. १९५१ साली टोयोटाची जीप फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढली आणि तिथून लँड क्रूझरची परंपरा सुरू झाली. यांतल्या कुणासमोर सिग्नलची रांग किंवा तळघरातलं पार्किंग नव्हतं. समोर चिखल होता, बर्फ होता, नांगरलेलं रान होतं.

आता रोजचं. सलग ॲक्सलमध्ये एक चाक दगडावर चढलं की दुसरंही कलतं. दगडधोंड्यांत हेच हवं असतं, कारण एक चाक वर ढकललं गेलं की दुसरं जमिनीकडे दाबलं जातं. डांबरी रस्त्यावर मात्र तो जड दांडा, त्यातला डिफ (वळताना डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळे फेरे घेऊ देणारा गिअरचा संच) आणि दोन चाकं, एवढं सगळं वजन स्प्रिंगच्या खाली लोंबत असतं. वळणात खड्डा आला की गाडीचा मागचा भाग किंचित बाजूला उडतो. पहिल्यांदा घाबरायला होतं. घाबरून मध्येच ब्रेक दाबू नये. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा.

स्टिअरिंगही निवांत असतं. यांतल्या अनेक गाड्यांत अजून रिसर्क्युलेटिंग बॉलचा, म्हणजे छोट्या गोळ्यांवर चालणारा जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स आहे, त्यामुळे सरळ रस्त्यावरही स्टिअरिंगला बारीक बारीक दुरुस्त्या द्याव्या लागतात. पण दगडाचा हबका थेट मनगटात येत नाही, त्याची ही किंमत.

आणि उंची. गाडी कलंडण्याचा अंदाज बांधायचं एक साधं गणित आहे : दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. उत्तर जितकं लहान, तितकी गाडी कलंडायला सोपी. लिफ्ट किटने भाजकातली उंची वाढते. छतावर सामान बांधलं तरी वाढते. म्हणून माझ्या छतावर काहीच नसतं, आणि जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, खाली.

पायवाट

याच विचारात आहे, म्हणून धागा अगदी वेळेवर आला. घरी आई आहे, तिचे गुडघे दुखतात. मूल लहान आहे. नवरा म्हणतो चढायला त्रास होईल, मला वाटतं सवय होईल. तुमच्याकडे ज्येष्ठ माणसं कशी चढतात?

लॅडरफ्रेम

नवऱ्यांचं म्हणणं आत्ताच मोडीत काढू नका, प्रश्न खरा आहे. चासी खाली असल्यामुळे गाडीची फरशी उंच असते, त्यामुळे पाय बराच उचलावा लागतो. बाजूला पायरी लावली आणि दाराच्या खांबाला धरायला हँडल असलं तर गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो. पण दोनच दारं असतील तर मागे जायला पुढची सीट सरकवून, वाकून, अंग चोरून जावं लागतं. आईंसाठी ते नकोच. त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं किंवा चार दारांची गाडी घ्यायची.

पायरीचीही एक मेख आहे. गाडीच्या मधल्या पोटाखालची जागा ती खाते. उंचवट्यावरून जाताना पुढची चाकं उतरली आणि मागची चढायची आहेत, तेव्हा पोट टेकतं. तीन दारांच्या नव्या जिम्नीचे कोन (जितका मोठा, तितका उभा चढउतार न घासता) घ्या : पुढचा ३७ अंश, मागचा ४९, पण पोटाचा २८. म्हणजे मुळातच सगळ्यात कमी तो मधला. तिथे लोंबती पायरी लावली की तीच आधी घासणार. तुमचा वापर बहुतांश रस्त्यावरचा असेल तर बेलाशक लावा, आईंचे गुडघे महत्त्वाचे. फक्त बॉडीच्या पत्र्याला नको, चासीला बोल्ट केलेली लावा.

गोटाखडी

लॅडरफ्रेम, धागा उत्तम. पण ‘कारखान्यातून आली तशी ठेवा’ हे मला पूर्ण पटत नाही. लिफ्ट, बंपर, कॅरिअर यांवर तुमच्याशी सहमत. टायर मात्र बदलावेत असं माझं ठाम मत आहे. अशा अनेक गाड्या विकताना रस्त्याचे टायर लावून देतात, कारण त्याने आवाज आणि इंधन दोन्ही कमी. मग माणूस ओल्या गवताच्या उतारावर चाकं गरगर फिरवत उभा राहतो आणि गाडीला नावं ठेवतो. जमिनीला टेकलेलं रबर काय दर्जाचं आहे यावर फोर बाय फोरचं अर्धं यश असतं. माझा सल्ला : मूळ मापातच, पण ऑल टेरेन (रस्ता आणि माती दोन्हींसाठीचे).

मड टेरेनच्या, म्हणजे खास चिखलाच्या टायरच्या, वाटेला रोजच्या गाडीने जाऊ नये. त्याचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद. चिखल झटकायला ते उत्तम, पण ओल्या डांबरावर टेकणारं रबर कमी पडतं आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिराही कमी असतात. पावसात ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर घेते. शिवाय ऐंशीच्या पुढे असा घुमतो की शेजारच्याशी बोलता येत नाही.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. टायरच्या बाजूवर मापाच्या आधी ‘एलटी’ लिहिलेलं असेल तर तो हलक्या ट्रकच्या वर्गातला आहे. त्याच्या भिंती जाड असतात, आणि तेवढाच भार पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दाराच्या खांबावरचा हवेचा आकडा मूळ टायरसाठी असतो. एलटी टायर लावून त्याच आकड्याला हवा भरत राहिलं तर लांबच्या प्रवासात टायर तापतो. टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मागून घ्या.

लॅडरफ्रेम

मूळ मापात ऑल टेरेन, हे मान्य. माझी अट त्या मर्यादेत सैल करतो. माझा आक्षेप मापाला आहे, आणि त्याचं गणित इथे मांडतो म्हणजे नव्यांना उपयोग होईल.

टायरचा व्यास १० टक्के वाढवला, बाकी काही बदललं नाही, तर काटा ८० दाखवत असताना गाडी ८८ ने धावते. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे २१ टक्के जास्त. ब्रेक तेच. त्यात चाक जड आणि मोठं झाल्यामुळे ते फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. डिफचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ४.३ असेल तर ते ३.९ असल्यासारखं वागू लागतं, म्हणजे चढावर एक गिअर खाली यावं लागतं, क्लच जास्त घासतो, इंधन जास्त जातं. लोक मग इंजिन दमलंय म्हणतात. इंजिन तेच असतं.

नवा_क्लच

मी नुकतीच घेतली आहे. पार्ट टाइम फोर बाय फोर, म्हणजे एरवी दोनच चाकांना जोर. पावसात डांबरी रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाकून चालवावी का? विक्रेत्याने सांगितलं ‘पावसात टाका, सुरक्षित’. एका मित्राने सांगितलं ‘अजिबात नको, गिअरबॉक्स जाईल’. दोघंही तितक्याच खात्रीने सांगतात.

वंगण

मित्र बरोबर आहे, फक्त गिअरबॉक्सच्या जागी ट्रान्सफर केस म्हणा. हे नीट समजून घ्या, कारण या गाडीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

गाडी वळते तेव्हा चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. डावं-उजवं यांतला फरक त्या त्या ॲक्सलमधला डिफ सांभाळतो. पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला (ट्रान्सफर केसकडून ॲक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याला) मागच्यापेक्षा जास्त फेरे घ्यायचे असतात. पार्ट टाइम यंत्रणेत फोर-एच टाकलं की ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडते. फेरे सारखेच घ्या, असा हुकूम. मातीवर, मुरुमावर, बर्फावर चाक थोडं घसरतं आणि हिशेब आपोआप मिटतो. डांबरावर घसरायला जागा नसते, मग तो पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे), गिअर, साखळी यांत साठत जातो. लक्षणं ओळखा : वळताना स्टिअरिंग जड, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी, टायर कुरकुरतात, आणि शेवटी लिव्हर टू-एचला (दोन चाकांच्या ड्राइव्हला) परत येतच नाही. असं झालं तर लिव्हरवर जोर काढू नका. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स जा, पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद येते.

ओल्या डांबरावरही पकड बरीच असते, त्यामुळे तिथेही नकोच. आणि मुख्य म्हणजे फोर बाय फोरने ब्रेक सुधारत नाही. चारही चाकांना ब्रेक टू-एचमध्येही असतोच. ती गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला तेच टायर. पावसात सुरक्षित राहायचं तर वेग कमी करा, अंतर ठेवा, टायरच्या खाचा तपासा.

कायमची फोर व्हील ड्राइव्ह असलेल्या गाड्यांचं वेगळं. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरपासून अशा गाड्यांत मध्ये तिसरा डिफ असतो, तो पुढच्या-मागच्या शाफ्टमधला फरक घेतो, म्हणून त्या डांबरावर बिनधास्त चालतात. त्यांचा मधला डिफ लॉक करायचा बटण असतो, तो मात्र सैल जमिनीवरच. तुमची कुठली हे गाडीच्या पुस्तकात पहिल्या काही पानांत मिळेल. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्या पुस्तकावर विश्वास ठेवा.

नवा_क्लच

आता कळलं. पार्किंगमध्ये वळवताना एकदा जड वाटली होती, तेव्हा फोर-एच होता. मग लो रेंज रोजच्या वापरात कधी लागते? की ती फक्त डोंगरासाठी?

वंगण

लागते, लोक वापरत नाहीत एवढंच. लो रेंजमध्ये वेग घटतो आणि जोर त्याच पटीत वाढतो. साध्या रँग्लरमध्ये २.७२ पट, रुबिकॉनमध्ये ४ पट. खडीच्या उभ्या उतारावर पहिला गिअर लो मध्ये टाकून दोन्ही पाय पेडलवरून काढले की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत, चाक लॉक होऊन घसरत नाही. ओल्या मातीतून ट्रेलर मागे ढकलायचा असेल तर क्लच न जाळता गोगलगायीच्या वेगाने जाता येतं.

जुन्या पद्धतीचे, हाताने फिरवायचे फ्री व्हील हब (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर आणखी एक सोय आहे. हब सुटे ठेवून फोर-एल (फोर बाय फोरची लो रेंज) टाकलं की पुढची चाकं मोकळी फिरतात आणि मागच्या दोनांनाच लो मिळते. मग डांबरावरही ट्रेलर सावकाश वळवता येतो, पीळ पडत नाही. फक्त सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर असतो, तेव्हा ॲक्सिलरेटर हळुवार.

ओढाकाठ

पाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. अशी गाडी घेतली की पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर शेजारीपाजारी ‘तुमची जाईल, तुमची उंच आहे’ म्हणतात, आणि माणूस त्या शब्दाला भुलतो. मला या विषयाची फार काळजी वाटते, म्हणून लांबलं तरी लिहिते.

कंपनी पाण्याच्या खोलीचा आकडा देते. नव्या डिफेंडरचा ९०० मिमी आहे. असे आकडे स्थिर पाण्यासाठी, चालण्याच्या वेगासाठी आणि तळ माहीत असेल तर. वाहत्या पाण्याला ते लागू नाहीत. अमेरिकेची हवामान सेवा लोकांना सांगते की सुमारे ३० सेंमी वाहतं पाणी बहुतेक मोटारी ओढून नेऊ शकतं आणि ६० सेंमी एसयूव्ही आणि ट्रकही. उंच गाडी जड असते हे खरं, पण तिची बॉडी बंद डब्यासारखी आहे. पाणी फरशीला लागलं की ती तरंगायला लागते, चाकांवरचं वजन उतरतं, आणि वजन नसलेल्या चाकाला फोर व्हील ड्राइव्हचाही उपयोग नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. पर्यायी रस्ता नसेल तरी थांबायचं.

पाणी स्थिर आहे, पुढच्या गाड्या जाताना खोली दिसते आहे, तळ माहीत आहे, तर असं करा. आधी एअर इनटेकचं (इंजिनमध्ये हवा जाते त्या नळीचं) तोंड कुठे आहे ते बॉनेट उघडून बघून ठेवलेलं असावं. काही गाड्यांत ते हेडलाइटच्या मागे, वाटतं त्यापेक्षा बरंच खाली असतं. पहिला किंवा लो चा दुसरा गिअर, एकसारखा वेग, मध्ये क्लच दाबायचा नाही. गाडीपुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे बॉनेटखालची पातळी थोडी कमी राहते. वेग वाढवला की तीच लाट बॉनेटवर येते.

इंजिन मध्येच बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टरच्या एका वळणाने इंजिन उघडायची वेळ येऊ शकते.

स्नॉर्कल (इंजिनसाठी हवा उंचावरून घेणारी नळी) लावलेल्यांसाठी : त्याचा मोठा फायदा धुळीत आहे, उंचावरची हवा स्वच्छ असते, फिल्टर जास्त टिकतो. पाण्यात त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा एअर बॉक्सपर्यंतचा प्रत्येक सांधा सील केलेला आहे. आणि वायरिंग, अल्टरनेटर, फरशीखालचे कंट्रोल युनिट याला स्नॉर्कलचं संरक्षण नसतं.

वंगण

ओढाकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत. पाण्यातून बाहेर आल्यावरचं मी जोडतो.

ॲक्सलला ब्रीदर असतो, एक छोटी नळी किंवा टोपी. चालून चालून तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर तो दाब भरून काढायला ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नंतर काही दिवस काहीच कळत नाही, मग डिफ गुरगुरायला लागतो. खोल पाण्यातून गेल्यावर डिफच्या ऑइलचा थेंब बघा. दुधाळ दिसला तर लगेच बदला. ब्रीदरची नळी वाढवून इंजिनच्या उंचीपर्यंत नेणं हा मला सगळ्यात पटलेला बदल आहे, लॅडरफ्रेम यांच्या अटीतही बसेल. ब्रेकही पाण्याबाहेर आल्यावर पेडल हलकं दाबून थोडं चालवत वाळवून घ्या.

बाकी देखभालीचं, जसं आठवतं तसं.

प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला निप्पल (ग्रीस भरायची तोंडं) असतील तर ग्रीस वेळेवर, आणि पाण्यात गेल्यावर वेळेची वाट न बघता. गाडी हलताना ‘टक’ असा एकच आवाज येऊ लागला की क्रॉस बघा.

फोर बाय फोर महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर थोडा वेळ टाका. आत ऑइल फिरतं, सील कोरडे पडत नाहीत, ॲक्चुएटर (फोर बाय फोर गुंतवणारा भाग) अडकत नाही. वर्षभर न वापरलेली यंत्रणा नेमकी गरजेच्या दिवशी गुंतत नाही, हे मी वर्कशॉपमध्ये पुष्कळदा पाहिलं आहे.

चिखलातून आल्यावर हायवेला स्टिअरिंग थडथडलं तर आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. तिथे वाळलेला चिखल चिकटलेला असतो, चाकाचा तोल त्याने जातो. लोक अलाइनमेंट करून येतात आणि थडथड तशीच राहते. धुताना चासीच्या पोकळ भागांची निचऱ्याची भोकंही मोकळी करा. आत ओला गाळ राहिला की गंज आतून लागतो, बाहेरून रंग चकचकीत.

पुढचा ॲक्सल सलग असलेल्या गाडीत खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरात थरथरत राहणं, गाडी जवळपास थांबेपर्यंत न थांबणं, हा प्रकार वेगळा आणि धोक्याचा. पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट, त्यांचे बोल्ट, टायरचा तोल हे सगळं तपासा. नुसता स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा भाग) बदलून घेऊ नका. नवा डॅम्पर काही काळ थरथर लपवतो, सैल झालेला भाग तसाच राहतो.

आणि डिझेल घेणाऱ्यांनी स्वतःला विचारा की रोज किती चालणार. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. रोज दोन-तीन किलोमीटरची शाळेची फेरी करून गाडी बंद होत असेल तर ते तापमान टिकत नाही, जळण अर्धवट राहतं, दिवा लागतो. आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवणार नसाल तर पेट्रोल बघा.

गोटाखडी

टोचनबद्दल थोडक्यात, कारण अशी गाडी असली की कुणाला ना कुणाला ओढायची वेळ येतेच.

ट्रेलरच्या बॉलला पट्टा अडकवून रुतलेली गाडी कधीही ओढू नये. तो बॉल ट्रेलरच्या भारासाठी आहे, झटक्यासाठी नाही. तुटला तर गोळीसारखा काचेतून येतो, माणसं त्यात गेलेली आहेत. चासीला बसवलेला, भाराचा आकडा असलेला हूकच वापरा. ताणला जाणारा कायनेटिक दोर आणि साधा टोइंग पट्टा या वेगळ्या वस्तू आहेत, साध्या पट्ट्याने झटका देऊ नका. दोराच्या मध्यावर जाड कापड किंवा ब्लँकेट टाका, बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा खूप लांब उभं करा. याबाबतीत संकोच करू नका, ओरडून बाजूला करा.

आणि दोर काढण्याआधी हवा कमी करून बघा. वाळूत ३० पीएसआयवर बसलेली गाडी १५-१८ वर आणली की टायर लांबट टेकतो आणि बऱ्याचदा स्वतःच बाहेर येते. डांबरावर येताच हवा परत भरायची. म्हणून छोटा कंप्रेसर आणि अचूक गेज हे दोन माझ्या गाडीत कायम असतात.

ओढाकाठ

रोजच्या वापरातली आणखी एक गोष्ट : बॉनेट उंच आणि चौकोनी, त्यामुळे अगदी पुढे उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसत नाही. मागे स्टेपनी दारावर, ती काचेचा भाग झाकते. माझ्या घरी नियम आहे : गाडी हलवण्याआधी तिला पायी एक फेरी, आणि मूल कुणाच्या तरी हाताला धरलेलं. कॅमेरा असला तरी. चिखलाने त्याची काच पहिली माखते.

हेडलाइटही बघा. त्या इतर गाड्यांपेक्षा उंचावर असतात, समोरच्याच्या डोळ्यांत आणि पुढच्याच्या आरशात जातात. गाडीची उंची किंवा टायर बदलला असेल तर लाइटचा रोख पुन्हा लावून घ्या. मागे सामान भरल्यावर पुढचा भाग उचलला जातो, तेव्हाही.

लॅडरफ्रेम

ओढाकाठ, फेरीचा नियम मीही उचलतो. लोखंडी बंपरबद्दल यालाच जोडून : पायी माणसाला तो जीवघेणा असतो, आणि गाडीच्या पुढच्या भागाने चेपत जाऊन धक्का शोषायचा हा जो हिशेब कंपनीने एअरबॅगसह जुळवलेला असतो, तोही बिघडतो.

ईएससीचं, म्हणजे गाडीची घसरण रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचं, बटणही सांगून टाकतो. खोल वाळूत आणि चिखलात ते बंद करावं लागतं, नाहीतर चाक फिरायच्या आत यंत्रणा इंजिनचा जोर काढून घेते. रस्त्यावर परतलात की पहिलं काम ते चालू करणं. उंच गाडी बाजूला घसरत जाऊन कलंडते, आणि ती घसरण सुरुवातीलाच थोपवणारी यंत्रणा तीच आहे. जुनी गाडी बघत असाल तर ईएससी असलेलं वर्षच घ्या, इंजिन थोडं कमी ताकदीचं चालेल.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दारांची, पेट्रोल, मूळ मापाचे टायर, बाजूला चासीला बोल्ट केलेली पायरी, इथपर्यंत ठरलं. ब्रीदरचं नंतर बघेन. आता आईला घेऊन टेस्ट ड्राइव्हला जाणार आहे. तिथे नेमकं काय तपासू?

लॅडरफ्रेम

आईंना चढता-उतरता किती वेळा हाताचा आधार लागतो ते बघा, आणि उतरणं जास्त नीट बघा, गुडघ्यांना तेच जड जातं. तुम्ही स्वतः मागच्या सीटवर बसा आणि नवऱ्यांना चालवू द्या. गतिरोधक, तिरका खड्डा, थोडा मोकळा रस्ता, हे तिन्ही घ्या. मुलाची सीट सोबत न्या आणि मागे बसवून बघा, आयसोफिक्सच्या (मुलाची सीट अडकवायच्या) कड्यांपर्यंत हात सहज पोचतो का ते. मागचं दार बाजूला उघडणारं असेल तर तुमच्या रोजच्या पार्किंगच्या जागेत ते पूर्ण उघडेल का, याचं माप घरूनच घेऊन जा. रिकाम्या मैदानात फोर-एच आणि फोर-एल दोन्ही टाकून दाखवायला सांगा.

आणि निघण्याआधी टायरची हवा मोजायला लावा. वाहतुकीसाठी नव्या गाड्यांत बऱ्याचदा जास्त हवा भरलेली असते आणि ती तशीच राहून जाते. मग गाडी आहे त्यापेक्षा जास्त उडते आणि आई तिथेच नको म्हणतील. दाराच्या खांबावरच्या आकड्याला आणून मगच चक्कर मारा.